नाव मोठं, हँगर कुठं?

माउंटन बाइकच्या मोठ्या ब्रँडांवर आलेल्या पत्रांचे आपोआप दोन ढीग पडले. एकात ‘घेतली तर हीच’, दुसऱ्यात ‘पुन्हा म्हणून नाव काढणार नाही’. गंमत म्हणजे दोन्ही ढिगांत कंपन्या त्याच तीन-चार. त्यातल्या काही प्रश्नांना ही उत्तरं.

प्रश्न : स्पेशलाइज्ड, ट्रेक, जायंट यांच्यावर जीव टाकणारे आणि त्यांच्या नावाने बोटं मोडणारे, दोघंही अनुभवी सायकलस्वार असतात. मग खरं कोणाचं मानायचं?

उत्तर : दोघांचंही. फक्त ते सायकलच्या वेगवेगळ्या वयाबद्दल बोलत असतात. पहिल्या दोन वर्षांत मोठ्या ब्रँडची सायकल सुखाची असते. माप अंगाला बसतं, सस्पेन्शन जमून आलेलं असतं, फ्रेमला काही झालं तर बदलून मिळते. राग सुरू होतो सहाव्या-सातव्या वर्षी. मागचा शॉक गळायला लागतो, बेअरिंग खडखडतं, हँगर (गिअर बदलणारा डिरेलर ज्यावर टांगलेला असतो तो तुकडा) वाकतो. तेव्हा कळतं की हा पार्ट फक्त त्याच कंपनीचा लागतो आणि कंपनीने तो बनवणं थांबवलंय. चेन, टायर, ब्रेक पॅड यांच्यावरून ब्रँडला कोणी शिव्या देत नाही, कारण ते कुठेही मिळतात.

रागाची एक जुनी मुळीही आहे. माउंटन बाइक जन्माला आली कॅलिफोर्नियातल्या मरीन काउंटीत, डोंगरावरून जुन्या जड सायकली खाली पिटाळणाऱ्या मंडळींच्या हातून. जो ब्रीझने १९७७ मध्ये खास या कामासाठी फ्रेम बनवली. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी टॉम रिची याच्या फ्रेम घेऊन धंदा सुरू केला. १९८१ मध्ये स्पेशलाइज्डने स्टम्पजंपर आणली. तिची फ्रेम जपानमध्ये बनत होती आणि तिच्यावर रिचीच्या सायकलींची छाप उघड होती. प्रेम करणारे म्हणतात, तिच्यामुळे ही सायकल सामान्य गिऱ्हाइकाच्या हाती आली. राग धरणारे म्हणतात, दुसऱ्याच्या तव्यावर पोळी भाजली. दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

पुढे ट्रेकने १९९३ मध्ये गॅरी फिशर आणि १९९५ मध्ये क्लाइन व बॉनट्रेगर ही नावं विकत घेतली. २९ इंची चाकाचा आग्रह फिशरच्या नावाखाली वर्षानुवर्षं रेटता आला तो ट्रेकचं बळ पाठीशी होतं म्हणूनच. लहान कंपनीला टायर आणि पुढचा चिमटा (फोर्क) बनवणाऱ्यांना इतकं पटवता आलं नसतं. शेवटी २०११ च्या मॉडेलांपासून फिशर हा वेगळा ब्रँडच ट्रेकमध्ये विरून गेला.

प्रश्न : सगळ्या फ्रेम तैवान-चीनमधल्या त्याच कारखान्यांत बनतात ना? मग आपण फक्त नावाचे पैसे देतो का?

उत्तर : छप्पर एक असलं तरी माल एक नसतो. जायंट १९७२ मध्ये तैवानमध्ये सुरू झाली ती दुसऱ्यांसाठी सायकली बनवायला. अमेरिकेतली श्विन तिचं मोठं गिऱ्हाईक. १९८१ मध्ये जायंटने स्वतःच्या नावाने सायकली काढल्या, आणि १९९२ मध्ये श्विनने दिवाळखोरी जाहीर केली. मेरिडाही जायंटसारखीच १९७२ ची, तैवानचीच. तिने २००१ मध्ये स्पेशलाइज्डमध्ये मोठा हिस्सा घेतला आणि त्यांच्या बऱ्याच सायकली ती बनवते. पण कार्बनचे थर कसे लावायचे, नळी कुठे जाड ठेवायची, बेअरिंगच्या घराचं माप किती काटेकोर हवं आणि नापास फ्रेम किती काढून टाकायच्या, हे गिऱ्हाईक ठरवतं आणि त्याचेच पैसे मोजतं.

नावाकडे न बघता फ्रेम तपासायची असेल तर शॉकचा खालचा बोल्ट काढा आणि परत घाला. मागचं चाक हाताने किंचित उचलून धरलं की बोल्ट बोटाने सरकत आत जायला हवा. ठोकावा लागला तर पिव्हट, म्हणजे फ्रेमचे हलते सांधे, एका रेषेत नाहीत, आणि त्याची किंमत शॉकच्या टोकांतले बुश मोजणार. मग मागचा ॲक्सल हाताने फिरवून बघा. आटे सुरुवातीपासून हलके लागले पाहिजेत. महागड्या फ्रेमही कधी कधी इथे नापास होतात आणि साध्या पास होतात.

प्रश्न : जुनी फुल सस्पेन्शन सायकल घेतली. मागचा शॉक हवा सोडतो. दुकानदार म्हणतो, हा शॉक कंपनीने खास बनवून घेतलेला, आता मिळत नाही. फ्रेम भंगारात काढायची का?

उत्तर : इतक्यात नको. आधी रोग ओळखा. रात्री हवेचा दाब मोजून ठेवा आणि सकाळी पुन्हा बघा. पंप जोडतानाच थोडी हवा त्याच्या नळीत जाते, तेवढी घट सोडून द्या. दाब खरोखर उतरला असेल तर एअर कॅनची, म्हणजे शॉकच्या हवा भरलेल्या नळकांड्याची, सील गेली आहेत. तो रबरी रिंगांचा संच शॉकच्या मूळ कंपनीचा, म्हणजे रॉकशॉक्स किंवा फॉक्सचा असतो, आणि शॉक खास असला तरी कॅन बहुधा नेहमीचाच असतो. रॉकशॉक्स तर दर ५० तासांनी एअर कॅन साफ करायला सांगते. जुन्या सायकलीत ते वर्षानुवर्षं कोणी केलेलं नसतं. दांड्यावर तेलाची कडी दिसते, दाबल्यावर पचपच आवाज येतो किंवा रिबाउंडची (शॉक परत वर येण्याचा वेग ठरवणारी) खुंटी फिरवून काही फरक पडत नाही, अशी लक्षणं असतील तर दोष डॅम्परमध्ये, म्हणजे उसळी आवरणाऱ्या तेलाच्या भागात आहे आणि काम जाणकाराचं. एक सावधगिरी : शॉक खाली बसला आणि वर येतच नसेल तर घरी उघडू नका. हवा चुकीच्या कप्प्यात कोंडलेली असते आणि कॅन गोळीसारखा सुटू शकतो.

शॉक बदलायचाच असेल तर आधी मापं घ्या. हवा भरलेली असताना दोन बोल्टांच्या मध्यापासून मध्यापर्यंतची लांबी मोजा. मग सगळी हवा सोडून दांडा किती आत जातो ते मोजा, तो स्ट्रोक. २०१६ पासून आलेली मेट्रिक मापं म्हणजे २१०×५५, २३०×६५ अशी. वरच्या टोकाला दोन्ही बाजूंनी बोल्ट लागणारा ट्रनियन असेल तर १८५×५५, २०५×६५. त्याआधीची मापं २००×५७, २१६×६३ अशी. शिवाय बुशच्या आतल्या नळीची रुंदी आणि बोल्टचा व्यास लागेल. शॉकला फ्रेमशी जोडणारा लांब पंजा असेल तर तो मापात धरू नका. इथेच बहुतेक जण चुकतात आणि न बसणारा शॉक मागवतात.

माप नेहमीचं निघालं तर बाजारातला शॉक बसेल. बसवताना हवा न भरता मागचं चाक पूर्ण वर उचला. टायर सीटट्यूबला लागता कामा नये, शॉकची बाजूची टाकी फ्रेमला घासता कामा नये. जास्त स्ट्रोकचा शॉक ‘थोडा जास्त ट्रॅव्हल (चाक वर-खाली जाण्याचं अंतर) मिळेल’ म्हणून घालू नका. तो टायर फ्रेमवर आपटवतो.

स्पेशलाइज्डचा ब्रेन शॉक, ज्यात खडबडीचा धक्का ओळखणारी झडप मागच्या ॲक्सलजवळच्या डबीत बसवलेली असायची, किंवा ट्रेकने फॉक्सकडून बनवून घेतलेला दोन कप्प्यांचा डीआरसीव्ही, यांच्या जागी सरळ दुसरा बसेलच असं नाही. दोन्ही कल्पना त्यांच्या काळात चांगल्या चालायच्या. म्हणून तर हळहळ जास्त.

प्रश्न : दगडावर आपटल्यापासून लहान गिअर नीट पडतात, मोठ्यांवर चेन उड्या मारते. केबल दहा वेळा ताणली. आता काय?

उत्तर : केबल सोडा, हँगर बघा. सायकलच्या मागे उकिडवे बसा. डिरेलरच्या दोन चाकांना जोडणारी रेषा वरच्या कॅसेटच्या, म्हणजे मागच्या गिअरच्या चकत्यांच्या, दातांशी सरळ दिसायला हवी. खालचं टोक चाकाकडे झुकलेलं असेल तर हँगर आत वाकला आहे, आणि सगळ्यात मोठ्या गिअरवर एक दिवस डिरेलर तारांत जाईल. सरळ करायला गेज लागतो. तो डिरेलरच्या जागी, म्हणजे १० मिमीच्या आट्यांत बसतो, आणि रिमपासूनचं अंतर चारही बाजूंना मोजायचं असतं. चारी अंतरांत ४ मिमीपेक्षा जास्त फरक नको. ॲल्युमिनियम एकदा, फार तर दोनदा सरळ होतं; मग बारीक चीर पडते.

नवा हँगर शोधणं हीच मोठ्या-लहान सगळ्या ब्रँडांची वर्षानुवर्षांची कटकट. प्रत्येक फ्रेमचा वेगळा, कधी एकाच मॉडेलचा दोन वर्षांत वेगळा. मागवताना मॉडेलच्या नावावर भरवसा ठेवू नका. जुना हँगर पट्टीशेजारी ठेवून दोन्ही बाजूंचे फोटो आणि भोकांमधलं अंतर पाठवा. फ्रेम नवी असतानाच एक जास्तीचा घेऊन सीटखालच्या पिशवीत टाकून ठेवा.

२०१९ मध्ये गिअर बनवणाऱ्या स्रॅम कंपनीने यूडीएच हा एकच, सगळ्यांना चालणारा हँगर आणला आणि फ्रेम बनवणाऱ्यांना तो मोफत वापरू दिला. मोठ्या ब्रँडांनी तो पटापट उचलला. बसवताना लक्षात ठेवा, त्याच्या बोल्टचे आटे उलटे असतात : ८ मिमीची ॲलन की डावीकडे फिरवून २५ न्यूटन-मीटर. सवयीने उजवीकडे फिरवलात तर तो सुटेल. मग २०२३ मध्ये स्रॅमने असा गिअर संच आणला, ज्याचा डिरेलर हँगर काढून सरळ त्या जागी फ्रेमवर बसतो. आधी सगळ्यांच्या घराला फुकट चौकट, मग त्या मापाचा आपला दरवाजा! तरीही यूडीएचवर नेहमीचे डिरेलरही बसतात, त्यामुळे नवी फ्रेम घेताना ही सोय असणं तुमच्या फायद्याचंच.

प्रश्न : प्रेसफिट बीबी असलेली कार्बन सायकल. चढाला कटकट आवाज. मोठ्या ब्रँडने हे प्रेसफिटचं लचांड का गळ्यात मारलं, आणि आवाज कसा घालवायचा?

उत्तर : बीबी म्हणजे बॉटम ब्रॅकेट, क्रँकचा (पॅडलच्या दांड्यांचा) ॲक्सल ज्यांत फिरतो ती बेअरिंगं; प्रेसफिट म्हणजे ती फ्रेममध्ये आट्यांशिवाय दाबून बसवलेली. आधी बीबीच दोषी आहे का ते बघा, कारण फ्रेमची पोकळ नळी आवाज भलतीकडून आल्यासारखा भासवते. फक्त बसून आवाज येतो आणि उभं राहिल्यावर थांबतो, तर सीटपोस्ट किंवा सीटच्या रेलचे क्लॅम्प. पॅडल न मारता खडबडीत येतो, तर हेडसेट (हँडलखालची बेअरिंगं), पिव्हट किंवा ॲक्सल. प्रत्येक फेरीत एकाच ठिकाणी ‘टक’ होतो, तर आधी पॅडल काढा. आटे पुसा, ग्रीस लावा, ३५ न्यूटन-मीटरच्या आसपास घट्ट करा. डाव्या पॅडलचे आटे उलटे असतात हे सांगायला नकोच. मग चेनरिंगचे (क्रँकवरच्या दात्यांच्या चकतीचे) बोल्ट. मग मागचा ॲक्सल काढून पुसून ग्रीस. मग हँगर : तो फ्रेमला जिथे टेकतो तिथली धूळ हा बीबीच्या नावावर खपणारा सगळ्यात नेहमीचा आवाज आहे. एका वेळी एकच गोष्ट करा आणि त्याच चढावर फिरवून या. चार गोष्टी एकदम केल्या तर आवाज गेला तरी कशाने गेला ते कळत नाही, आणि महिन्याने परत आला की पहिल्यापासून सुरुवात.

इतकं करून आवाज राहिला तर क्रँक काढा. बेअरिंगमध्ये बोट घालून फिरवा. खरखर लागली किंवा अडकलं तर बेअरिंग गेलंय, नवं बीबी टाका, प्रश्न मिटला. बेअरिंग मऊ फिरत असेल तर बेअरिंग धरणारा कप फ्रेममधल्या घरात हलतोय. कप बाहेर काढा, घर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा आणि व्हर्नियरने आतला व्यास दोन दिशांनी मोजा : आधी उभा, मग आडवा. नेहमीच्या बीबी९२ साठी तो ४१ मिमी असतो. दोन मापांत ०.१ मिमीचा फरक असेल तर घर लंबगोल आहे आणि नवा प्लास्टिकचा कप पुन्हा कटकटणार. अशा वेळी दोन्ही कप आत एकमेकांत आट्यांनी घट्ट होतात असं प्रेसफिट बीबी घ्या. ते घराच्या भिंतीवर विसंबत नाही, दोन्ही बाजूंनी फ्रेम आवळून धरतं. बहुतेक फ्रेमचा आवाज इथे संपतो. नुसतं ग्रीस लावून परत ठोकलेला कप चार-सहा आठवडे शांत बसतो, तेवढ्यात समाधान मानू नका. बसवताना हातोडी नको. प्रेस वापरा आणि दाब बाहेरच्या कडेवर द्या. आतल्या कड्यावर दाब आला तर नवं बेअरिंग बसवतानाच मरतं.

आता लचांड गळ्यात का मारलं ते. आट्यांच्या बीबीसाठी कार्बनमध्ये धातूची नळी चिकटवावी लागते आणि तिच्यात आटे पाडावे लागतात. प्रेसफिटमध्ये तो खर्च आणि वजन वाचतं. शिवाय ९२ मिमी रुंद घरामुळे नळ्या जाड करता येतात आणि फ्रेम ताठ होते. हे खोटं नव्हतं. पण सगळा भार घराच्या मापावर आला, आणि ते माप कारखान्यात थोडं जरी ढळलं तरी आवाज गिऱ्हाइकाच्या पायाखाली. ट्रेकने तर बीबी९५ मध्ये कपही काढून टाकला, बेअरिंग थेट फ्रेममध्ये. प्रत्येक बदलाला घर किंचित झिजायचं, मग त्यांनीच किंचित मोठ्या व्यासाची बेअरिंग काढली. सांता क्रूझ ही कंपनी हट्टाने आट्यांवरच राहिली, आणि मेकॅनिक मंडळींत तिच्याबद्दल जे प्रेम आहे त्यात या हट्टाचा वाटा मोठा. पुढे स्पेशलाइज्ड आणि ट्रेकही ७३ मिमीच्या साध्या आट्यांकडे परत आले. कोणी चूक मोठ्याने कबूल केली नाही. माहितीपत्रकात ‘आट्यांचं बीबी’ हे आता गुण म्हणून छापतात.

प्रश्न : माझी चांगली १४२ मिमी हबची चाकं नव्या बूस्ट फ्रेममध्ये बसत नाहीत. हे मुद्दाम केलं ना?

उत्तर : मुद्दाम केलं, पण नुसतं तुमची चाकं बाद करायला नाही. १४८ मिमीचा बूस्ट ॲक्सल ट्रेकने स्रॅमबरोबर २०१४ मध्ये आणला. २९ इंची चाकात तारा लांब असतात, त्यामुळे चाक बाजूला लवतं. हबच्या कडा दोन्हीकडे ३ मिमी बाहेर सरकवल्या की तारांचा कोन रुंदावतो. चेनरिंगही ३ मिमी बाहेर गेली, म्हणून रुंद टायरला जागा झाली. फायदा खरा आहे, पण जुनी चाकं अडगळीत टाकावीत इतका मोठा नाही. संताप झाला तो १४२ येऊन फार वर्षं झाली नव्हती म्हणून.

१४२ चा हब १४८ मध्ये बसवता येतो. सोपा मार्ग : दोन्ही बाजूंना ३-३ मिमीच्या जाड टोप्या, डिस्कखाली ३ मिमीची चकती आणि तेवढेच लांब बोल्ट. सहा बोल्टांची डिस्क हवी. मग डिरेलरचे दोन्ही लिमिट स्क्रू नव्याने लावा, कारण कॅसेट ३ मिमी आत गेली आहे. दुसरा मार्ग जास्त चांगला पण खटाटोपाचा : सगळे ६ मिमी डाव्या बाजूला, डिस्कखालीही ६ मिमी, आणि तारा आवळून-सोडून रिम ३ मिमी डावीकडे आणायची. यात दोन्ही बाजूंच्या तारांचा ताण जवळजवळ सारखा होतो, चाक उलट मजबूत होतं. पुढच्या चाकाला १०० वरून ११० साठी दोन्हीकडे ५-५ आणि डिस्कखाली ५. उलट दिशेने, म्हणजे १४८ चा हब १४२ च्या फ्रेममध्ये, कोणताही उपाय नाही. फ्रेम ताणून बसवायला जाऊ नका.

प्रश्न : मोठ्या कंपन्या कोर्टकचेऱ्या करून लहानांना दाबतात असं ऐकतो. तथ्य आहे का?

उत्तर : आहे. सगळ्यात गाजलेलं म्हणजे हॉर्स्ट लिंकचं पेटंट. मागच्या ॲक्सलच्या पुढे, खालच्या नळीवर (चेनस्टेवर) एक पिव्हट दिला की ब्रेक लावल्यावर सस्पेन्शन आखडत नाही. ही युक्ती हॉर्स्ट लाइटनर याची. तिचं पेटंट स्पेशलाइज्डने १९९८ मध्ये घेतलं. अमेरिकेत ते २०१३ पर्यंत चाललं. तोवर तिथे विकणाऱ्यांनी एक तर परवान्याचे पैसे भरले, नाहीतर पिव्हट ॲक्सलच्या वर, वरच्या नळीवर (सीटस्टेवर) नेला. मुदत संपताच किती ब्रँडांनी तो खाली आणला ते बघितलं की पेटंटची किंमत कळते. पण याच अडचणीमुळे दुसरे लोक दुसरे मार्ग शोधायला लागले हेही खरं.

पेटंट समजून घेता येतं, नावावरची भांडणं नाही. २०१३ मध्ये कॅनडातल्या ‘कॅफे रूबे’ या छोट्या सायकल दुकानाला स्पेशलाइज्डने ‘रूबे’ हे नाव सोडायला सांगितलं. मग उघड झालं की ते नाव मुळात एएसआय या दुसऱ्याच कंपनीचं, स्पेशलाइज्डकडे फक्त परवाना; आणि एएसआयची दुकानाला काही हरकत नव्हती. शेवटी संस्थापक माइक सिनयार्ड स्वतः दुकानात जाऊन माफी मागून आले. त्याच्या आदल्याच वर्षी नोकरी सोडून व्होलाजी ही कंपनी काढणाऱ्या दोघांवरच्या खटल्यात ज्युरीने स्पेशलाइज्डला भरपाई दिली : १ डॉलर. सायकल बनवण्यात ही कंपनी कोणाला हार जाणारी नाही. तरी तिच्याबद्दल बोलताना लोकांच्या जिभेवर कडवटपणा येतो, तो असल्या प्रकरणांनी.

प्रश्न : त्याच किमतीत थेट विकणारा ब्रँड वरच्या दर्जाचे पार्ट देतो. मोठा ब्रँड नेमका कुठे कात्री लावतो?

उत्तर : नजर जात नाही तिथे. मागचा डिरेलर गिऱ्हाईक पहिला बघतो, म्हणून तो एक पायरी वरचा. चेन, कॅसेट, हब खालचे. चिमट्याचं नाव तेच, आतला डॅम्पर साधा. टायरचं नाव तेच, पण दुकानात सुट्या मिळणाऱ्यापेक्षा रबर कडक आणि कडेला तार. शिमानोच्या स्वस्त डिस्कवर बारीक अक्षरांत ‘रेझिन पॅड ओन्ली’ कोरलेलं असतं. अशा डिस्कवर धातूचे पॅड लावले की डिस्क झपाट्याने झिजते, आणि लांब उतारावर ते धोक्याचं. चाचणीच्या वेळी वाकून ही अक्षरं बघाच. दुसरं, मागच्या हबचा फ्रीहब, म्हणजे कॅसेट ज्यावर चढते तो भाग, वेगळा मिळतो का ते विचारा. ११-५० ची कॅसेट शिमानोच्या जुन्या एचजी फ्रीहबवर बसते. पुढे कधी १० दातांपासून सुरू होणारी स्रॅमची कॅसेट घालायची तर एक्सडी हा वेगळा फ्रीहब लागतो. तो त्या हबसाठी मिळत नसेल तर कॅसेट बदलण्यासाठी अख्खं चाक बदलावं लागतं.

थेट विकणाऱ्यांकडचा फरक असा, की मधला दुकानदार नाही, म्हणून पैसे पार्टमध्ये जातात. आणि मधला दुकानदार नाही, म्हणून हेडसेट सैल आला तर तो आवळणारे तुम्हीच. हातात पाने धरता येत असतील तर सौदा चांगला.

प्रश्न : फ्रेमवर बारीक रेघ दिसते. ‘आजीवन वॉरंटी’ आहे. ओरखडा की चीर, कसं ओळखू?

उत्तर : साबणाच्या पाण्याने पुसा, वाळवा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलचा बोळा फिरवा. वरचं सगळं उडून गेल्यावरही रेघ काही क्षण ओली, गडद राहिली तर ती चीर असण्याची शक्यता जास्त. कार्बनवर नाण्याने टिचक्या मारत या. टणटण आवाज मध्येच भदभद झाला तर आत थर सुटले आहेत. तशी फ्रेम चालवू नका. ॲल्युमिनियमवर रेघेच्या दोन्ही टोकांना पेनाने ठिपका द्या आणि अंगणातल्या अंगणात चार फेऱ्या मारा. रेघ ठिपक्यापुढे गेली की निकाल लागला. रंग खरवडून बघू नका. दाव्याच्या वेळी तेच कारण तुमच्याविरुद्ध वापरतात.

‘आजीवन’ म्हणजे बहुधा पहिल्या मालकाच्या हाती असेपर्यंत. सायकल विकली की वॉरंटी बहुतेक ब्रँडांत तिथेच संपते. पावती, नोंदणी, फ्रेम क्रमांक आणि चिरेचे उजेडातले फोटो एकत्र पाठवा. दावे कशावर अडतात? ठरल्यापेक्षा लांब ट्रॅव्हलचा चिमटा लावलेला असणं हे एक. दुसरं, सीटपोस्ट किमान खुणेपेक्षा वर ओढलेला असणं : मग त्याचं खालचं टोक टॉपट्यूबच्या सांध्यापर्यंत पोचत नाही आणि सीटट्यूब नेमकी तिथेच फाटते. पडून मोडलेली फ्रेम वॉरंटीत बसत नाही, पण अपघातानंतर सवलतीत नवी देण्याची सोय अनेक ब्रँडांकडे असते. ती मागावी लागते, आपणहून कोणी सांगत नाही. सांता क्रूझ तर पहिल्या मालकाला पिव्हटची बेअरिंगही फुकट देते. बेअरिंगसाठी रडावं लागत नाही तेव्हा लोक कंपनीच्या चुकाही पोटात घालतात.

आणि ज्यांना फुकट मिळत नाहीत त्यांनी बेअरिंगच्या कडेवरचा क्रमांक वाचावा. ६९०२ म्हणजे १५×२८×७ मिमी, ६८०२ म्हणजे १५×२४×५. हे कुठल्याही बेअरिंगवाल्याकडे मिळतात; ‘फक्त आमच्या फ्रेमसाठी’ म्हणून विकला जाणारा संच कित्येकदा हाच असतो. पिव्हट थोडंच फिरतं, पण भार मोठा असतो, म्हणून छर्रे ठासून भरलेले, ‘मॅक्स’ असं छापलेले घ्या.

प्रश्न : सायकल आवडते, तिच्यावरचं भलंमोठं नाव आवडत नाही. काढता येईल का?

उत्तर : नखाने अक्षराची कड चाचपा. कड लागली तर स्टिकर वर आहे : हेअर ड्रायरने कोमट करा, एका टोकाने सावकाश ओढा, राहिलेला चिकटा अल्कोहोलने पुसा. कार्बनवर हीटगन नको. कड लागली नाही तर नाव लॅकरच्या खाली आहे, त्याच्या वाटेला जाऊ नका. रंगाला जुळणारी संरक्षक फिल्म वरून लावा. बीबीच्या खाली क्रमांकाचा छोटा स्टिकर असतो, तो मात्र राहू द्या. वॉरंटीत तुमची फ्रेम ओळखतात ती त्याच्यावरून.